रुग्णाजवळ बसणाऱ्याजवळ कोण बसतो?



पवित्र गुरुवारी रात्री मिस्सा संपल्यावर आपण आराधनेला बसतो, तेव्हा गेथशेमनी बागेतील प्रसंग आपल्या डोळ्यांपुढे येतो. प्रभू येशूने पेत्र, याकोब आणि योहान ह्या तिघांना बरोबर घेतले. आपला मृत्यू जवळ आला आहे हे त्याला ठाऊक होते. त्याचा जीव अतिशय खिन्न झाला होता. अशा वेळी त्याने आपल्या मित्रांकडे काय मागितले? आपल्याला लपवून ठेवा, असे तो म्हणाला नाही. तलवारी काढा, असेही म्हणाला नाही. इथे थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा, एवढेच त्याने मागितले (मत्तय 26:36-46). जगाचा तारणारा मरणाच्या दारात उभा असताना माणसांची सोबत मागत होता.

आणि ते झोपले. एकदा नव्हे, तर तीन वेळा. आपण त्यांना नावे ठेवतो. परंतु संत लूक इथे एक शब्द अधिक लिहितो. ते झोपले ते दुःखामुळे, असे तो सांगतो (लूक 22:45). प्रेम नव्हते म्हणून नव्हे, आळशी होते म्हणूनही नव्हे. दुःखाचा भार त्यांना झेपला नाही. संत लूक हा वैद्य होता असे परंपरा सांगते. माणूस दुःखानेही थकतो, ही गोष्ट वैद्याच्या नजरेला दिसली असावी.

आज ह्या एका शब्दावर आपण चिंतन करू या. आपल्या धर्मग्रामात असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेले बंधुभगिनी आहेत. त्यांच्या सोबतीला जाणारे काही सेवाभावी लोकही आहेत. मात्र आरंभी उत्साहाने नावे देणारे पुष्कळ असतात आणि वर्षाअखेर त्यांतले थोडेच उरतात, हा अनुभव बहुतेक धर्मग्रामांना आहे. उरलेल्यांच्या अंगावर सगळा भार पडतो आणि मग तेही थकतात. प्रश्न असा आहे की, ह्यात दोष त्यांच्या श्रद्धेचा आहे की आपल्या व्यवस्थेचा?

'आता घरी न्या'

रुग्णालयात डॉक्टर एके दिवशी सांगतात, ''आता करण्यासारखे काही राहिले नाही, घरी न्या.'' त्या वाक्यानंतर कुटुंबाची खरी परीक्षा सुरू होते. औषधाच्या वेळा, रात्रीची वेदना, पाठीला पडणाऱ्या जखमा, न जाणारे अन्न, उसनवारीचे पैसे, शाळेत जाणारी मुले आणि 'आता किती दिवस?' हा कोणीही मोठ्याने न विचारणारा प्रश्न. सुरुवातीला नातेवाईकांची रीघ लागते. दोन-तीन महिन्यांनी ती ओसरते. मग घरात उरतात रुग्ण आणि त्याची पत्नी, नाहीतर रुग्ण आणि त्याची सून.

करण्यासारखे काही राहिले नाही, हे ख्रिस्तसभा मान्य करीत नाही. आजार बरा होणार नाही म्हणून सेवा संपली असे कधीच होत नाही, ही शिकवण 2020 साली व्हॅटिकनने 'सामारितानुस बोनुस' म्हणजे 'चांगला शोमरोनी' ह्या पत्रातून पुन्हा स्पष्ट केली आहे. दयेच्या नावाखाली मरण घडवून आणणे आपण नाकारतो. पण नुसते नाकारून भागत नाही. ज्याला आपण 'मरण मागू नकोस' असे सांगतो, त्याच्या उशाशी बसण्याची जबाबदारीही आपलीच ठरते. ती न घेता दिलेला उपदेश त्या रुग्णाला फार कोरडा वाटतो.

हे काम साध्या माणसांनी सुरू केले

ह्या सेवेचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. तिचा आरंभ मोठ्या डॉक्टरांपासून झालेला नाही. फ्रान्समधील लियोन शहरात झान गार्निये नावाची एक तरुण विधवा होती. तिची मुले दगावली होती. 1842 साली तिने आपल्यासारख्या विधवांना एकत्र आणले आणि ज्यांना रुग्णालये घेत नव्हती अशा असाध्य रुग्णांची सेवा सुरू केली. ह्या बायका संन्यासिनी नव्हत्या. त्या घरसंसारातल्या, दुःख भोगलेल्या स्त्रिया होत्या. त्यांनी आपल्या मंडळाला 'कालवारी'चे नाव दिले.

पुढे 1879 साली आयर्लंडमधील डब्लिन येथे आणि 1905 साली लंडनच्या हॅक्नी भागात व्रतस्थ भगिनींनी मरणोन्मुख रुग्णांसाठी सेवाघरे उघडली. हॅक्नीच्या त्या संत जोसेफ सेवाघरात 1958 पासून सिसिली सॉन्डर्स ही अँग्लिकन पंथाची डॉक्टर काम करू लागली. तिने 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले आणि तिथून ही चळवळ जगभर पसरली. वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, कुटुंबाची आणि आत्म्याची वेदनाही तिच्यात मिसळलेली असते, हे तिने जगाला शिकवले. पण डॉक्टर होण्यापूर्वी ती काय करीत होती? दिवसभराची नोकरी आटोपून संध्याकाळी मरणोन्मुखांच्या एका रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून जात होती. वेदना सुरू होण्याची वाट न पाहता ठरावीक वेळेने औषध दिले तर रुग्ण शांत राहतो, हे तिने तिथेच पाहिले.

आपल्या देशातील पहिले हॉस्पिस 1986 साली मुंबईत वांद्र्याला, माऊंट मेरीच्या टेकडीवर सुरू झाले. त्याचे नाव 'शांती अवेदना सदन'. टाटा रुग्णालयातील कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा ह्यांनी ते उभारले. तिथे व्रतस्थ भगिनी सेवा करतात. रुग्णाचा धर्म पाहिला जात नाही आणि त्याच्याकडून पैसे घेतले जात नाहीत. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. आपल्यापैकी अनेक कुटुंबांना ह्या घराने अखेरच्या दिवसांत आसरा दिला आहे.

परंतु प्रत्येक रुग्ण वांद्र्याला जाऊ शकत नाही आणि पुष्कळांना आपल्या स्वतःच्या घरातच डोळे मिटायचे असतात. म्हणून सेवाघर हे इमारतीपुरते न राहता गावागावात, आळीआळीत उभे राहायला हवे. केरळ राज्याने हे करून दाखवले आहे. 1993 साली कोझिकोडे येथे काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. रुग्ण खेड्यापाड्यांत विखुरलेले आहेत आणि डॉक्टर सगळीकडे पोहोचू शकत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून 2000 च्या सुमारास त्यांनी शेजारपाजारच्या लोकांचेच गट बांधले. शिक्षक, विद्यार्थी, रिक्षावाले, गृहिणी ह्या कामात उतरल्या. त्यांच्याकडे मागणे काय होते? आठवड्यातून निदान दोन तास. त्याआधी 16 तासांचे वर्ग आणि 4 दिवस अनुभवी लोकांबरोबर रुग्णांच्या घरी प्रत्यक्ष शिक्षण. 2008 साली केरळ सरकारने ह्या सेवेचे धोरणच जाहीर केले. एवढे मोठे काम उभे राहिले ते प्रत्येकाच्या दोन-दोन तासांवर.

इथ्रोचा सल्ला

दोन तासांवर काम उभे राहते, कारण त्यामागे व्यवस्था असते. पवित्र शास्त्रात ह्याचा सुंदर दाखला आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करीत बसे. त्याचा सासरा इथ्रो भेटायला आला. त्याने मोशेची स्तुती केली नाही. तू करतोस ते बरे नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील, असे त्याने स्पष्ट सांगितले आणि कामाची वाटणी करून दिली (निर्गम 18:13-27). देवाच्या माणसालाही व्यवस्था शिकावी लागली, आणि तीही सासऱ्याकडून!

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला तोंडपाठ आहे. त्याचा शेवट मात्र आपण घाईने वाचतो. शोमरोन्याने जखमा बांधल्या, रात्रभर शुश्रूषा केली आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या कामाला निघून गेला. पण जाताना त्याने उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवले, जखमी माणूस त्याच्या स्वाधीन केला आणि परत येताना उरलेला हिशेब भागवीन असे वचन दिले (लूक 10:30-35). सगळे मीच करीन, असा हट्ट त्याने धरला नाही. आपले काम केले, दुसऱ्याला जोडले, खर्चाची तरतूद केली आणि परत येण्याचा शब्द दिला. सेवेची व्यवस्था म्हणतात ती हीच. नीट आखलेली पाळी, वेळेवर केलेला फोन आणि भरलेली वही ही प्रेमाचीच कामे आहेत.

धर्मग्रामात हे कसे करता येईल?

पहिली गोष्ट: थोडे मागावे, पण पक्के मागावे. 'जमेल तेव्हा या' असे म्हटले की कोणालाच जमत नाही. 'दर मंगळवारी चार ते सहा' असे म्हटले तर माणूस विचार करून होकार किंवा नकार देतो. अंथरुणावरच्या रुग्णाला तर ह्या वेळेचे फार मोल असते. मंगळवारी चारला कोणी येणार असेल, तर तो तीन वाजल्यापासून दाराकडे पाहत असतो. आपण गेलो नाही तर आपला एक कार्यक्रम चुकतो. त्याचा आठवडा रिकामा जातो, आणि त्याच्याकडे आठवडे मोजकेच असतात.

दुसरी गोष्ट: आधी शिकवावे, मग पाठवावे. रुग्णाला कूस कशी बदलून द्यावी, तोंड ओले कसे ठेवावे, गप्प कसे बसावे, हे शिकावे लागते. काय करू नये हेही शिकावे लागते. डॉक्टर-नर्सच्या सांगण्याशिवाय औषधात बदल करू नये. 'तू नक्की बरा होशील' असे खोटे आश्वासन देऊ नये. 'ही देवाची शिक्षा आहे' असे तर कधीही म्हणू नये. घरात दिसले-ऐकले ते बाहेर बोलू नये. रुग्ण हिंदू असो, मुस्लिम असो वा ख्रिस्ती, त्याच्या दुबळेपणाचा फायदा घेऊन उपदेश करू नये. ख्रिस्ती रुग्णाने इच्छा दाखवली तर धर्मगुरूंना वेळीच कळवावे. रुग्णाभ्यंग संस्कार शुद्ध हरपल्यावर घाईने उरकायचा विधी नव्हे.

तिसरी गोष्ट: दोघा-दोघांना पाठवावे. प्रभूने शिष्यांना असेच पाठवले होते (मार्क 6:7). एक जण रुग्णाजवळ बसेल, तर दुसरा स्वयंपाकघरात सुनेशी दोन शब्द बोलेल. परतीच्या वाटेवर दोघे एकमेकांशी बोलतील आणि मनातले ओझे घरी जाण्यापूर्वीच थोडे हलके होईल.

चौथी गोष्ट: ज्याला जे झेपते तेच द्यावे. एखाद्याला जखम पाहवत नाही, पण तो स्कूटरवरून शहरात जाऊन औषध आणील. एखादी शिक्षिका रुग्णाच्या मुलांचा अभ्यास घेईल. कोणी हिशेब ठेवील, कोणी आठवड्यातून एकदा पेज नाहीतर मऊ भात करून पाठवील. पक्षघात झालेल्या माणसाला चौघांनी उचलून प्रभूपुढे आणले (मार्क 2:1-12). खाटेचे चारही कोपरे कोणी ना कोणी धरले होते, म्हणून तो छपरावरून खाली उतरला.

पाचवी गोष्ट: ह्या सगळ्यांना जोडणारी एक व्यक्ती हवी. ती धर्मगुरूच असली पाहिजे असे नाही. खरे तर नसलेलीच बरी, कारण धर्मगुरूंची बदली होते आणि काम थांबते. शांत स्वभावाची, शब्द पाळणारी, कोणाचे कोठे बोलू नये हे जाणणारी व्यक्ती असावी. तिच्याजवळ एक वही आणि एक फोन असला की पुरे. पण फोन करण्याची रीत महत्त्वाची आहे. 'उद्या येशील ना?' एवढेच विचारणारा फोन माणसाला लवकर नकोसा होतो. 'काल तुला कसे वाटले?' हे विचारणारा फोन त्याला टिकवून ठेवतो.

सेवकाचे अश्रू

इथे आपण पुन्हा गेथशेमनीकडे येतो. सेवक का थांबतात? कधी कामधंद्यामुळे, कधी घरच्या अडचणींमुळे. परंतु पुष्कळदा कारण वेगळेच असते. ज्या आजीकडे तो चार महिने दर मंगळवारी गेला, ती वारली. मयतीला तो मागच्या रांगेत उभा राहिला. घरच्यांचे सांत्वन सगळ्यांनी केले. त्याला कोणी विचारले नाही, कारण तो त्यांचा कोणी नव्हता. पुढच्या मंगळवारी दुसऱ्या घरी जायला त्याचे पाय उचलले नाहीत. आपण म्हणालो, 'उत्साह संपला.' खरे पाहता तो दुःखामुळे झोपी गेला होता.

म्हणून सेवकांनी महिन्यातून एकदा एकत्र जमावे. अहवाल वाचण्यासाठी नव्हे, तर बोलण्यासाठी. त्या महिन्यात वारलेल्यांची नावे घ्यावीत, प्रत्येकासाठी मेणबत्ती लावावी, एखादे गीत म्हणावे आणि ज्याला रडायचे असेल त्याला रडू द्यावे. रुग्ण वारल्यानंतर त्याच्या सेवकाला लगेच दुसऱ्या घरी पाठवू नये. नोव्हेंबर महिन्यात मृतांसाठी मिस्सा होते, तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांबरोबर सेवकांनाही बोलवावे.

शिष्य सेवेहून परतले तेव्हा प्रभूने त्यांना पुढचे काम दिले नाही. एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या, असे तो म्हणाला (मार्क 6:30-32). विसावा ही प्रभूची आज्ञा आहे. वर्षातून महिनाभर रजा घेण्याची मुभा प्रत्येक सेवकाला असावी. आणि एखाद्याला हे काम कायमचे सोडायचे असेल तर त्याने ते उजळ माथ्याने सोडावे. आपण आभार मानून त्याला निरोप द्यावा. ज्याला अपमान न होता जाता येते, तोच पुढे कधीतरी परत येतो. ज्याला चोरासारखे गायब व्हावे लागते, तो चर्चच्या आवारातही आपल्याला टाळतो.

सणाच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याची आपली पद्धत चांगली आहे. पण सेवक त्यावर टिकत नाही. आपण उपयोगी पडतो आहोत, आपल्याला कोणी ओळखते आहे आणि आपण एकटे नाही, ह्या तीन गोष्टींवर तो टिकतो.

एक सावधगिरीचा शब्द सेवकांसाठीही आहे. कधीकधी आपण रुग्णाला 'माझा रुग्ण' म्हणू लागतो. दुसरे कोणी आलेले आपल्याला आवडत नाही. मी नसलो तर त्याचे काय होईल, असे वाटू लागते. ते बोलणे प्रेमाचे वाटते, पण त्यात थोडा अहंकार मिसळलेला असतो. अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर ह्यांनी दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवले (निर्गम 17:8-13). आपले हात दुसऱ्याने धरावेत हे मोशेने कमीपणाचे मानले नाही. आपणही मानू नये.

क्रूसाजवळ उभे राहणारे

प्रिय बंधुभगिनींनो, बागेत शिष्य झोपले, तरी कथा तिथे संपत नाही. कालवारीवर क्रूसाजवळ पवित्र मरिया उभी होती. तिच्याबरोबर इतर स्त्रिया होत्या आणि योहानही होता (योहान 19:25-27). बागेत झोपलेल्या तिघांपैकी तो एक! जो रात्री जागा राहू शकला नाही, तो दुपारी क्रूसाखाली उभा राहिला, कारण त्या वेळी तो एकटा नव्हता. आणि तिथे प्रभूने काय केले? मरियेला योहानाच्या आणि योहानाला मरियेच्या स्वाधीन केले. मरता मरता त्याने आपल्याजवळ उभे असलेल्यांना एकमेकांशी जोडून दिले. आपल्यासाठी जागणाऱ्यांची काळजी त्याने स्वतः वाहिली.

ज्यांनी पूर्वी हे काम केले आणि सोडले, त्यांना आज विशेष सांगणे आहे. तुम्हाला कोणी दोष देत नाही. योहानासारखे तुम्ही परत येऊ शकता. आणि ज्यांना अजून धीर होत नाही, त्यांनी एवढेच करावे: ह्या आठवड्यात आपल्या आळीतील आजाऱ्याच्या घरी जावे, त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीला 'तुम्ही दोन तास विश्रांती घ्या, मी इथे बसतो' असे म्हणावे आणि खरोखरच बसावे.

प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, गेथशेमनी बागेत तू सोबत मागितलीस. आजही तू आमच्या आजारी बंधुभगिनींच्या रूपाने ती मागत आहेस. आम्हाला जागे राहण्याचे बळ दे. जे जागून जागून थकले आहेत त्यांना विसावा दे, आणि त्यांच्याजवळ बसायला आम्हाला पाठव. अखेरच्या घटकेला आमच्याही उशाशी कोणी असू दे. पवित्र मरिये, क्रूसाजवळ उभ्या राहिलेल्या माते, आणि हे संत योसेफा, सुखमरणाच्या आश्रयदात्या, आम्हांसाठी विनंती करा. आमेन.